जुनी डिझेल गाडी आणि खोडव्याचा हिशेब



उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली की आमच्या गट कार्यालयाच्या टेबलापुढे दोन प्रश्न हमखास येतात. एक, "साहेब, खोडवा ठेवू का मोडू?" आणि दुसरा, "साहेब, जुनी गाडी ठेवू का इकू?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा पगार कारखाना आम्हांस देतो. दुसरा प्रश्न आमच्या खात्याचा नव्हे. पण आम्ही स्वतः १९९७ सालच्या डिझेल जीपमधून शिवार फिरतो, म्हणून लोकांना वाटते की या माणसाला काहीतरी ठाऊक असेल. इतकी वर्षे आम्ही हसून विषय टाळला. आता मात्र लिहायचे ठरवले, कारण हा प्रश्न गाडीपुरता राहिलेला नाही, तो ऊसबिलापर्यंत येऊन पोचला आहे.

चार हंगामांपूर्वीची गोष्ट. बाभुळगाव शिवारातले एक जुने सभासद, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, सकाळीच कार्यालयात आले. हातात कर्जाचे कागद. नवी गाडी घ्यायची होती आणि हप्ता ऊसबिलातून कापण्यासाठी संमतीपत्र हवे होते. दारात १९९९ सालची कमांडर जीप उभी, चालती-फिरती. आम्ही विचारले, "काकाजी, जीप बंद पडली का?"

"बंद कायची पडते बाप्पा! पण पोट्ट्याले पाह्याले पाव्हणे येनार हायेत. पोट्टं म्हणते, दारात हे खटारं पाहून लोक माघारीच जातीन. आता तुमीच सांगा, का करू?"

यावर आम्ही तिथल्या तिथे काही बोललो नाही. मुलाच्या सोयरिकीपुढे अधिकाऱ्याने शहाणपण सांगू नये. फक्त एवढेच म्हणालो, "सही उद्या करू. आज संध्याकाळी वही घेऊन बसू." त्या संध्याकाळी वहीत जे मांडले, तेच आज सर्वांसाठी लिहीत आहोत. आकडे तेवढे आजच्या भावाचे घेतले आहेत.

जुनी डिझेल म्हणजे नेमकी कोणती?

जुनी डिझेल म्हणताना आमच्या डोळ्यांपुढे विशिष्ट गाड्या आहेत. १९४७ साली महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने इगतपुरीच्या कारखान्यात डिझेल इंजिने तयार होऊ लागली आणि डिझेल जीप खेड्यापाड्यांत पोचली. आमच्या एमएम ५४० जीपमध्ये त्याच घराण्यातले २११२ सीसीचे इंजिन आहे. तिच्यामागून कमांडर, मार्शल, अरमाडा आल्या आणि २००० साली बोलेरो आली. टाटांची सुमो १९९४ ची. सुमंत मुळगावकरांच्या नावातली आणि आडनावातली पहिली अक्षरे जोडून तिचे नाव पडले, हे पुष्कळांना माहीत नसते. टाटांचीच इंडिका १९९८ साली लोकांपुढे आली. हिंदुस्थान मोटर्सची डिझेल अँबॅसडर या सगळ्यांच्या आधीची. तिचे १४८९ सीसीचे इंजिन ताकदीला कमी, पण दमाला भारी. २०१४ साली अँबॅसडरचे उत्पादन थांबले आणि २०१९ साली सुमोचे.

या गाड्यांतल्या बहुतेकींमध्ये एक गोष्ट समान आहे. डिझेल मोजून देणारा पंप दांड्या, स्प्रिंगा आणि गव्हर्नर यांवर चालतो. मध्ये संगणक नाही. हा लेख अशाच गाड्यांबद्दल आहे. मधल्या काळातल्या, इलेक्ट्रॉनिक पंपाच्या गाड्यांना हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही.

विहिरीवरच्या इंजिनाची चुलत बहीण

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. कल्पना साधी. सिलिंडरमधली हवा एवढी दाबायची की ती दाबानेच पाचशे अंशांच्या वर तापते. मग तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडायचा, तो आपोआप पेट घेतो. ठिणगीचा प्लग नाही, कॉइल नाही, कार्ब्युरेटर नाही. १९३६ साली मर्सिडीज कंपनीने असे इंजिन बसवलेली २६० डी ही मोटार विक्रीला काढली.

आपल्या सभासदांना हे इंजिन नवे नाही. वीज नव्हती तेव्हा विहिरीवर, नाल्यावर जे किर्लोस्कर इंजिन धडधडत होते, त्याचीच ही चुलत बहीण. त्या इंजिनाने आपल्या बापजाद्यांना हवा काढायला शिकवले, नोझलचा फवारा तपासायला शिकवले, आवाजावरून दुखणे ओळखायला शिकवले. ती विद्या घरात आहे. नोझल आणि पंपाचे नाव निघाले की जुने मिस्त्री अजून मायको म्हणतात. आता त्या कंपनीचे नाव बॉश आहे आणि नाशिकला तिचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना आहे.

याचा रोजच्या वापरात काय फायदा? इंजिन एकदा चालू झाले की त्याला विजेची गरज जवळजवळ उरत नाही. बॅटरी उतरली तरी चार जणांचा धक्का किंवा एखादा उतार पुरतो. कमी फेऱ्यांवर ओढ चांगली मिळते, म्हणून बेण्याच्या मोळ्या घेऊन पांदणीतून निघताना रेस देऊन क्लच जाळावा लागत नाही. आपली जमीन काळी, भारी. पहिल्या पावसानंतर ती चाकाला कशी धरते हे आम्ही सांगायला नको. अशा वेळी पुढच्या चाकांनाही ओढ देणारी जुनी जीप आम्हांला बैलजोडीसारखी वाटते.

दुसरा फायदा दुरुस्तीचा. गाडी पडली तर तालुक्याचा मिस्त्री ती दुपारपर्यंत उभी करतो. त्याच्याकडे जे नसेल ते यवतमाळ किंवा अमरावतीस मिळते. पाटे, क्लच प्लेट, हेड गॅस्केट, पाण्याचा पंप हे सगळे सुटे मिळते आणि सुटे बसते. नव्या गाडीत पुष्कळदा पूर्ण जोडच बदलावा लागतो आणि दोष शोधायला संगणक लावावा लागतो.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती साचलेली काजळी स्वतःच जाळून मोकळी होते, पण त्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर, वेगात, सलग पळावी लागते. आपला वापर कसा? घर ते शेत तीन किलोमीटर, शेत ते गट कार्यालय पाच किलोमीटर, तेही दुसऱ्या गिअरमध्ये. अशा वापरात ती गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. गाडीत दोष नाही, ती वेगळ्या रस्त्यासाठी बनली आहे.

वहीतला हिशेब

आता मुख्य मुद्दा. समजा नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत १० लाखांना पडते. २ लाख खिशातले आणि ८ लाख कर्ज, व्याज दसादशे १० टक्के, मुदत ५ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १७ हजार येतो. वर्षाचे झाले २ लाख ४ हजार. पाच वर्षांत १० लाख २० हजार फेडायचे, त्यात व्याजच २ लाख २० हजार.

हाच हप्ता उसात मोजू. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरवला. त्यातून तोडणी-वाहतूक जाते. हातात टनाला २,७०० रुपये येतात असे धरले, तर वर्षाच्या हप्त्याला ७५ टन ऊस लागतो. एकरी ३५ टनांची सरासरी असणाऱ्या सभासदाचा दोन एकरांहून जास्त ऊस फक्त हप्त्यासाठी उभा राहिला. त्यातले खत, पाणी, मजुरी वेगळीच.

आता दोन्ही गाड्यांचा पूर्ण खर्च मांडू. वर्षाला ८ हजार किलोमीटर फिरणे आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू.

जुनी गाडी लिटरला ११ किलोमीटर देते. डिझेलचे ६५ हजार. दुरुस्ती आणि इंजिनकामासाठी बाजूला काढायचे ३५ हजार. विमा ८ हजार. एकूण १ लाख ८ हजार.

नवी गाडी लिटरला १७ किलोमीटर देते. डिझेलचे ४२ हजार. सर्व्हिसिंग १० हजार. पूर्ण विमा २५ हजार. झाले ७७ हजार. इथपर्यंत नवी गाडी जिंकते. पण खिशातले २ लाख आणि फेडलेले १० लाख २० हजार मिळून १२ लाख २० हजार तिच्यात गेले. पाच वर्षांनी ती ५ लाखांना विकली, तरी ७ लाख २० हजार संपले, वर्षाला १ लाख ४४ हजार. ते धरून नव्या गाडीचा वर्षाचा खर्च २ लाख २१ हजार.

फरक वर्षाला १ लाख १३ हजारांचा. आपले आकडे याहून वेगळे असतील. ते घालून हिशेब पुन्हा करावा, आमचा शब्द प्रमाण मानू नये.

हीच वही दुसऱ्या बाजूनेही वाचली पाहिजे. ज्याचे फिरणे वर्षाला २५ हजार किलोमीटर आहे, त्याला जुन्या गाडीत डिझेलच ७२ हजारांनी जास्त लागते आणि दुरुस्तीही दुप्पट-अडीचपट होते. तिथे दोन्ही खर्च जवळजवळ बरोबरीत येतात. मग थकवा, धोका आणि खोळंबा धरला तर नवी गाडीच बरी. पूर्वी डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असे, तेही दिवस गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. तेव्हा 'डिझेल म्हणजे स्वस्त' हे जुने कारण आता धरून चालणार नाही. थोडे फिरणे, खराब रस्ता, घरची समज आणि कर्ज नसणे, या चार कारणांवर जुनी गाडी उभी आहे.

खोडव्यासारखी निगा

आम्ही काकाजींना म्हणालो, "जुनी गाडी म्हणजे खोडवा आहे असे समजा." खोडव्यात नांगरट वाचते, बेणे वाचते, लागणीची मजुरी वाचते. पण वाचले म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली की तो निम्म्यावर येतो. बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, पाचट न जाळता सरीत दाबावे लागते, नांग्या भराव्या लागतात, खत पहारीने वेळेवर द्यावे लागते. फुकट आलेला खोडवा फुकटात पिकत नाही. गाडीचेही तसेच. निगेची थोडी यादी देतो.

१. इंजिन ऑईल आणि त्याचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरला बदलावा. काळे दिसते म्हणून ऑईल वाईट झाले असे नाही. डिझेल इंजिनात ते लवकरच काळे होते. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहावे.

२. डिझेल फिल्टरखाली जमणारे पाणी नियमाने सोडावे, पावसाळ्यात तर आठवड्याला.

३. रेडिएटरमध्ये बोअरचे खारे पाणी घालू नये. कूलंट घालावे. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी पंख्याचा पट्टा हाताने दाबून पाहावा.

४. हवेच्या फिल्टरला विसरू नये. तोडणीच्या दिवसांत पांदणीतली धूळ पिस्टनच्या रिंगा खाते.

५. स्वस्त पडते म्हणून डिझेलमध्ये रॉकेल किंवा कोणी आणून दिलेले भलतेच तेल मिसळू नये. पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळते. रॉकेलात ते पुरेसे नसते. शंभर रुपये वाचवायला जाऊन पंपाचे काम काढावे लागते.

६. धूर पाहायला शिकावे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, नोझल तपासा. निळा म्हणजे ऑईल जळते आहे. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला चालतो, गाडी तापल्यावरही राहिला तर पाणी आत जाते आहे का ते पाहा.

७. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि टायर यांत काटकसर नको. इंजिन बंद पडले तर माणूस रस्त्यात थांबतो, ब्रेक गेला तर थांबत नाही.

दुसऱ्या कलमाबद्दल आमचीच फजिती सांगतो. ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या बॅरलमधले डिझेल आम्ही एकदा गाळून न घेता जीपमध्ये ओतले. पावसाळा नुकताच संपला होता, बॅरलच्या तळाला पाणी होते. फिल्टरखालचा नट उघडून महिना झाला होता. आठच दिवसांनी रात्री अकराच्या सुमारास निरोप आला की एका सभासदाचा ऊस पेटला आहे. जळका ऊस लवकर गाळपास गेला नाही तर वजन घटते आणि उताराही पडतो, म्हणून त्याच रात्री जाऊन पाहणी करावी आणि पहाटे टोळी लावावी, असा आमचा रिवाज. आम्ही सेल मारला, जीप हूं की चूं करेना. पंपात पाणी गेले होते. शेवटी एका पोराच्या मोटारसायकलवर बसून पोचलो तेव्हा एक वाजला होता. पुढचे सगळे निरोप मागे पडले आणि टोळी पहाटेऐवजी दुपारी लागली. त्या सभासदाने शब्दाने बोल लावला नाही, पण बांधावर बसून तो जळक्या फडाकडे पाहत होता, ते आम्ही विसरलो नाही. पंपाचे बिल आम्ही भरले, अर्ध्या दिवसाच्या उशिराचे बिल त्याने भरले. तेव्हापासून तो नट दर सोमवारी आम्ही स्वतःच्या हाताने उघडतो.

निगा राखली तर यंत्र किती टिकते, याचे एक उदाहरण जगजाहीर आहे. ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ सालची मर्सिडीज २४० डी जुनी म्हणून विकत घेतली आणि तिच्यावर एकूण ४६ लाख किलोमीटरची नोंद झाली. २००४ साली कंपनीने ती गाडी आपल्या संग्रहालयासाठी घेतली. मात्र ती एकाच इंजिनावर पळाली नाही. तो इंजिने काढून, दुरुस्त करून आलटून पालटून बसवत असे. यंत्र टिकते ते असे, कोणाच्या तरी हाताखाली राहून.

मोडायचा खोडवा कसा ओळखावा

विरळ झालेला, काणी आणि गवताळ वाढ लागलेला फड खोडव्यास ठेवू नये, असे आम्ही दर वर्षी सांगतो. माया करून ठेवलेला असा फड शेजारच्या चांगल्या प्लॉटलाही रोग देतो. गाडीलाही हाच नियम लावावा.

इंजिन थकले तर बोअर काम, रिंग-पिस्टन करून ते पुन्हा उभे राहते. पण चेसीस गंजून चिरली, जोडलेल्या ठिकाणी पुन्हा तडे गेले, की ती काणी समजावी. तिथे वेल्डिंगवर वेल्डिंग करून घरची माणसे बसवू नयेत. तसेच वर्षाची दुरुस्ती गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जाऊ लागली, तर माया आवरावी.

धुराचा विचारही करावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. जुन्या इंजिनाचा धूर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो, यात वाद नाही. शिवारात आठवड्यातून चार फेऱ्या मारणे वेगळे आणि शाळेच्या फाटकापुढे इंजिन चालू ठेवून उभे राहणे वेगळे. घरात दम्याचा पेशंट असेल तर ओसरीपुढे गाडी तापवत ठेवू नये. नोझल आणि पंप वेळेवर तपासले तर काळा धूर बराच आटोक्यात येतो, पण तो नाहीसा होत नाही.

आणि सुरक्षिततेचे म्हणाल तर जुन्या जीपमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही. म्हणून आम्ही तिच्यातून रात्री नागपूरला जात नाही. लांबच्या प्रवासाला धामणगावाहून रेल्वे आहे, यवतमाळाहून एसटी आहे. लग्नाकार्याला भाड्याची गाडी सांगावी. वर्षातून सहा वेळा भाडे दिले तरी ते एका हप्त्याच्या आसपासच राहते.

कागदपत्रांबद्दल चार शब्द

"सरकार जुन्या गाड्या भंगारात काढणार" अशी आवई उठवून काही दलाल गाड्या स्वस्तात लाटतात. म्हणून नियम नीट समजून घ्यावा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओकडे तपासणी होऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. २०२१ साली जाहीर झालेल्या भंगार धोरणात खासगी गाडी केवळ वयामुळे मोडण्याची सक्ती नाही. गाडी तपासणीत नापास झाली तर प्रश्न येतो. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील गाड्या बाद करण्याचा नियम शासकीय गाड्यांसाठी आहे. दिल्ली परिसरातला १० वर्षांवरील डिझेल गाड्यांचा वाद न्यायालयाच्या आदेशांतून आलेला आहे आणि तो त्या भागापुरता आहे.

मात्र शुल्क वाढले आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांवरील मोटारीला १० हजार झाले. पर्यावरण कर वेगळा. आमच्या जीपचे नूतनीकरण २०१२, २०१७ आणि २०२२ साली झाले. पुढच्या खेपेचे १० हजार आम्ही वहीत आताच मांडून ठेवले आहेत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटीही लागते. मुदत संपण्याआधी दोन महिने यवतमाळच्या आरटीओत चौकशी करावी. विमा आणि पीयूसी नसलेली गाडी फुकट मिळाली तरी महाग.

काकाजींनी काय केले

त्या रात्री वही मिटताना काकाजी बराच वेळ गप्प होते. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी तोच म्हणाला, "बाबा, राहू द्या. रंग तं मारून घेऊ." कर्जाचे कागद तसेच राहिले. जीपला रंग, नवे हूड, क्लच प्लेट आणि नोझलचे काम केले. पाहुणे आले, चहा-पोहे घेऊन गेले. ती सोयरीक जमली नाही. गाडीमुळे की आणखी कशामुळे, ते कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पण खरे सांगायचे तर त्या आठवड्यात आम्हांला काकाजींच्या घरावरून जायला जड गेले. हिशेब बरोबर असला म्हणून माणसाचे मन दुखत नाही असे नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीने मार्चातच तळ दाखवला. ऊस वाळला, टनेज निम्म्यावर आले. बिलातून सोसायटीचे पीककर्ज वजा जाऊन जे उरले ते घरखर्चाला कसेबसे पुरले. काकाजी गट कार्यालयात आले, स्लिप घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "साहेब, औंदा तो हप्ता असता तं म्या का इकलं असतं, सांगा बरं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्याकडे होते, पण तेही ते बोलले नाहीत. दोघांनाही ठाऊक होते की विकायला जमिनीशिवाय दुसरे काही नव्हते.

मुलाचे लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झाले. वरातीला भाड्याची गाडी सांगितली होती. सून मात्र दुसऱ्या दिवशी जीपमधूनच शेत पाहायला गेली.

सभासद बंधूंनो, नवी गाडी घेणे गुन्हा नाही. ज्याचे फिरणे मोठे आहे, ज्याच्या हाती रोख आहे, त्याने खुशाल घ्यावी आणि पहिला पेढा गट कार्यालयात द्यावा. आमचे मागणे एवढेच की उचल जमा झाल्याबरोबर शोरूमला जाऊ नये. एक संध्याकाळ वही घेऊन घरच्या सगळ्यांना बसवावे, पोराबाळांना आणि लक्ष्मीलाही. गाडी खोडव्यास ठेवण्याजोगी आहे की मोडण्याजोगी, ते मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. ठेवायची ठरली तर निगा राखावी, मोडायची ठरली तर माया करू नये.

आणि येत्या हंगामात जे खोडवा ठेवणार आहेत त्यांनी पाचट जाळू नये, ही विनंती आहेच.

आपला,
ऊस विकास अधिकारी
गट कार्यालय, बाभुळगाव